रुसलेल्या दाराची भूमिका

आयुष्यात मी एकच भूमिका गाजवली, आणि ती दाराची होती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे या गोष्टीत हसायला बंदी आहे. ती का, ते सांगतो.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक दहा वर्षांचा मुलगा राहतो. शाळेच्या हजेरीपटावर त्याचं नाव काय असेल ते असो, आम्ही सगळे त्याला भोवरा म्हणतो. जिना उतरताना तो पायऱ्या वापरत नाही, कठड्यावरून येतो. त्याला शेवटचं उभं राहिलेलं कोणी पाहिलं, यावर आमच्याकडे एकमत नाही. या भोवऱ्याच्या डोळ्याला चेंडू लागला, आतला पडदा सुटला आणि ऑपरेशन करावं लागलं. ऑपरेशन छान झालं, पण डॉक्टरांनी डोळ्यात हवेचा एक बुडबुडा सोडून ठेवला. तो बुडबुडा वर चढणार आणि पडद्याला जागेवर दाबून धरणार. त्यासाठी डोळ्याची मागची बाजू वर हवी, म्हणजे पोराने चौदा दिवस तोंड खाली करून राहायचं. झोपायचं पालथं, बसायचं मान खाली घालून, जेवायचंही तसंच. टीव्ही नाही, मोबाइल नाही, पुस्तक नाही. उसळायचं नाही, रडायचं नाही, खदाखदा हसायचं नाही. पडदा चिकटला तर तो डोळा राहणार, नाहीतर नाही.

चौदा दिवस! या पोराने चौदा मिनिटं एका जागी काढली असती तर सोसायटीने त्याचा सत्कार केला असता. पहिल्या दोन दिवसांतच तो अकरा वेळा उठून बसला. त्याची आई घरी शाळेचे गणवेश शिवते. तिने मशीन बंद केली आणि पोराच्या मानेवर हात ठेवून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी जिन्यात ती आमच्या हिला भेटली आणि तिचा बांध फुटला. "वहिनी, हा स्थिर राहिलाच नाही तर मी काय करू हो? बांधून का ठेवू?"

आमची मुलगी मागे दप्तर घेऊन उभी होती. ती भोवऱ्याच्याच वर्गात आहे. धाकट्याची ताई म्हणून आम्हीही तिला ताईच म्हणतो, आणि खरं सांगायचं तर घरात सगळे तिला थोडे घाबरूनच असतो. संध्याकाळी तिने जेवणाच्या टेबलावर वही ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही पॉडकास्ट काढतोय."

"काढा की," मी म्हणालो. मला वाटलं, चिकटवहीसारखं काहीतरी असेल.

"काढा की नाही, तुम्ही पण आहात त्यात. गोष्ट रेकॉर्ड करायची, रोज एक भाग. पलंगाखाली छोटा स्पीकर ठेवायचा. गोष्ट चालू असली की भोवरा हलत नाही, मी काल त्याला वाचून दाखवलं तेव्हा बघितलंय."

"आणि ऐकणार किती जण?"

"एक."

एका श्रोत्यासाठी इतका खटाटोप, असा विचार माझ्या मनात आला हे मी कबूल करतो. तेवढ्यात मला माझा आवाज आठवला. कॉलेजात असताना काव्यवाचनात मला दुसरा क्रमांक मिळाला होता. तो चषक आजही कपाटावर आहे, त्यात आमची ही सेफ्टी पिना ठेवते. मी घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि म्हणालो, "निवेदन मी करीन."

ताईने वहीत पाहिलं. "निवेदन मावशीआजी करणार आहेत. तुमचा आवाज चांगला आहे, बाबा, पण तुम्ही तो फार दाखवता."

समोरच्या दारातल्या मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांचा आवाज अजून नोकरीवर आहे. त्या संध्याकाळपर्यंत मला त्यांच्याबद्दल आदर होता. नंतर काही दिवस तो जरा कमी झाला होता.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही दार," ताई म्हणाली.

आता गोष्ट. पहिल्या भागाचा नायक एक चित्ता होता. तो पहिल्याच वाक्यात धावला आणि भोवऱ्याचे पाय पलंगावर धडाधड आपटायला लागले. तो भाग रद्द. दुसऱ्या प्रयत्नात एक विदूषक होता. भोवऱ्याच्या आईने सेन्सॉर म्हणून आधी ऐकला आणि तीच पदर तोंडाला लावून हसत सुटली. तोही रद्द. मग तिने दारात उभं राहून नियम सांगितले. दचकवायचं नाही. रडवायचं नाही. "आणि हसू चालेल, हसणं नाही."

मी हात टेकले. धावायचं नाही, पडायचं नाही, भांडायचं नाही, मग गोष्टीत उरतं काय? आमच्या ऑफिसातला वार्षिक अहवाल वाचून दाखवू का, असंही मी सुचवलं. त्यात यातलं काहीही घडत नाही. पण ताई पेन्सिल चावत बसली होती. बराच वेळ चावून झाल्यावर ती म्हणाली, "गोगलगाय."

"काय?"

"गोगलगाय विहिरीत उतरते. कोरड्या विहिरीत. तिला धावता येत नाही, उडी मारता येत नाही, तोंड कायम खालीच असतं. तिचं अख्खं जग म्हणजे समोरची एक पायरी. विहिरीला एकशेवीस पायऱ्या आहेत. आता बारा दिवस उरलेत ना? रोज दहा पायऱ्या. दर दहाव्या पायरीला एक दार. दारामागे काय, ते दुसऱ्या दिवशी."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. माझ्या हाताखाली असा एक माणूस असता तर ऑफिसात माझं नाव झालं असतं. डॉक्टरांनी जे जे करू नको म्हणून सांगितलं होतं, त्यातलं काहीच न जमणारा नायक तिने शोधला होता. मला हे जन्मात सुचलं नसतं. मला विहीर सुचली असती, पण मी तिच्यात राजपुत्र टाकला असता.

काम सुरू झालं. खोलीतल्या सगळ्या गाद्या, उशा, पांघरुणं भिंतींना टेकवून खोलीचं घुमणं बंद केलं. मध्ये स्टुलावर मोबाइल. गोगलगायीचं काम सहा वर्षांच्या टिंगूकडे, म्हणजे आमच्या धाकट्याकडे. एरवी त्याच्या बोलण्याला ब्रेक नाही, पण ताईने त्याला सांगितलं, "प्रत्येक शब्द बोलण्याआधी मनात पाच आकडे मोज." तो इतक्या प्रामाणिकपणे मोजायचा की "मी... आले... हं..." एवढ्याला अर्धं मिनिट जायचं. मावशींचं निवेदन मात्र लोण्यासारखं. फक्त तीस वर्षांची सवय. दारापाशी गोष्ट थांबली की त्या आपोआप म्हणायच्या, "कृपया लाइन सोडू नका." ताईने ते काढलं नाही. उलट वहीत लिहून ठेवलं, रोज म्हणायचं.

आणि मी दार. बारा दारं म्हणजे बारा भूमिका, हे लक्षात घ्या. दिग्दर्शिकेला प्रत्येक दाराची कुरकुर वेगळी हवी होती. तिसरं दार म्हातारं, पाचव्याला सर्दी, सातवं नवीन रंगवलेलं म्हणून जरा चिकटणारं. मी लिफ्ट तपासणीच्या सरकारी कार्यालयात कारकून आहे. तिथे जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्डरूममध्ये उभा राहून सराव करायचो. तिसऱ्या दिवशी आमचा शिपाई तेलाची बाटली घेऊन आला आणि त्याने मजल्यावरच्या यच्चयावत दारांना तेल घातलं. चौथ्या दिवशी कुरकुर चालूच म्हटल्यावर त्याने सुताराला बोलवायचा अर्ज टाकला. तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. मी त्यावर "आवश्यकता नाही" असा शेरा मारला आणि घसा बसल्यामुळे कोणाला काही सांगू शकलो नाही.

एवढं करून कौतुक? छे! भोवऱ्याच्या आईचा निरोप यायचा तो असा: "मावशींचं फारच छान. गोगलगाय गोड. ते दार कुठून आणलंत, खरंच वाजतं ते?" मी बायकोकडे पाहिलं. ती चषकातून पीन काढत होती.

पण पोरगा हलत नव्हता. हे मात्र खरं, आणि त्यापुढे माझा मान-अपमान मी घडी घालून कपाटात ठेवला. रोज चार वाजता नवा भाग वर जायचा. तो पालथा पडून एकेक पायरी बोटाने चादरीवर मोजायचा. दिवसभर तोच भाग पुन्हा पुन्हा ऐकायचा. त्याच्या आईने चौथ्या दिवशी मशीन पुन्हा सुरू केली, अगदी हळू, त्याचं ऐकून झाल्यावर. आठव्या दिवशी ताई त्याच्या पलंगाजवळ जमिनीवर आडवी पडून, खालून त्याच्या तोंडाकडे बघत गप्पा मारत होती. तेव्हा त्याने विचारलं, "शेवटचं दार उघडलंच नाही तर?"

"कुठलं?"

"गोगलगायीचं. आणि माझं पण."

ताई घरी आली ती थेट माझ्याकडे. "बाबा, तो घाबरलाय. डॉक्टरकडे जायचंच नाही म्हणतोय. नाही गेलो तर डोळा गेला हे कळणारच नाही, म्हणतो." ती रडत नव्हती, पण ओठ घट्ट मिटले होते. मग तिने बाराव्या दाराबद्दल ठरवलं: ते रुसलेलं असेल, कोणासाठी उघडत नसेल, आणि गोगलगायीसाठी उघडेल. आणि तो भाग तपासणीच्या आधी भोवऱ्याने ऐकलाच पाहिजे.

शेवटचा भाग विहिरीच्या तळाचा. ताई म्हणाली, "गादीत विहीर घुमत नाही. मला खरं घुमणं हवं." आणि इथे, अकरा दिवसांत पहिल्यांदा, मला काहीतरी सुचलं. आमची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. चारी बाजूंनी जिना आणि मध्ये तो उंच पोकळ खांब. दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबवली की आत केलेला आवाज तळापर्यंत घुमत जातो. "बाबा!" ताई म्हणाली. "तुम्ही ग्रेट आहात." त्या वाक्यावर मी पुढचे दोन दिवस काढले, आणि पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळही तेच.

लिफ्ट वीस मिनिटं थांबवायची तर सेक्रेटरींची परवानगी हवी. सेक्रेटरी म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त नकाशे-आरेखक. ते तोंडी विनंतीला विनंती मानत नाहीत. छापील अर्ज दिला. त्यात "कारण" असा रकाना होता. खोटं लिहायचा माझा स्वभाव नाही. मी लिहिलं: "गोगलगायीस विहिरीच्या तळाशी नेणे."

अर्ज परत आला. लाल शाईत शेरा: "सोसायटीत प्राणी पाळण्यास मनाई आहे."

मी खाली गेलो. म्हटलं, "अहो, गोगलगाय म्हणजे माझा मुलगा."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सगळी हकीकत ऐकली. ऐकता ऐकता त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि कारण खोडून स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहिलं: "रुग्णसेवा." शिक्का मारला. शनिवार, सकाळी अकरा ते अकरा वीस. फलकावर सूचना लावली. "तपासणी सोमवारी आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग शनिवारी चालेल."

चालेल असंच मलाही वाटलं होतं.

शनिवारी अकराला मी, ताई, टिंगू आणि मावशी लिफ्टमध्ये शिरलो. दुसरा आणि तिसरा मजला यांच्यामध्ये आलो तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "थांबा, हे माझं खातं आहे," आणि थांबवायची लाल कळ दाबून फिरवली. लिफ्ट थांबली. कळ माझ्या हातात आली. म्हणजे पूर्ण हातात आली, मागच्या स्प्रिंगसकट.

मी ती मुठीत लपवली. मावशींनी अर्थातच पाहिलं. त्यांनी मान वर करून लिफ्टमधल्या काचेच्या चौकटीकडे नजर टाकली. तिथे लिफ्टचं प्रमाणपत्र लावलेलं असतं. "सर्व कळा व दारे सुस्थितीत आहेत." सही आमच्या साहेबांची. अक्षर माझं. गेली बावीस वर्षं मी ते वाक्य दिवसाला दहादा लिहितो. एखादी कळ प्रत्यक्ष फिरवून बघायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती.

"घाबरायचं नाही," मी मुलांना म्हणालो. मुलं घाबरली नव्हतीच. टिंगूने खाली बसून डब्यातलं बिस्किट काढलं. मी सेक्रेटरींना फोन लावला. त्यांनी गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत जाऊन पाहिलं आणि वरून त्यांचा आवाज आला: "मेकॅनिकला बोलावलंय! एक तास लागेल!" तो आवाज खालपर्यंत घुमत गेला. विहीर मात्र उत्तम जमली होती.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावर दार उघडलं. भोवऱ्याची आई. "कोण आहे लिफ्टमध्ये? लिफ्ट सोडा हो! हॉस्पिटलातून फोन आलाय. डॉक्टर आज दुपारीच गावाला चाललेत, बाराच्या आत या म्हणाले. गाडी खाली उभी आहे!"

मी मूठ उघडून कळेकडे पाहिलं आणि जाळीतून वर ओरडलो, "वहिनी, लिफ्ट अडकली. माझ्या हातून."

मग ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. तिचा सगळा हक्क होता. ऐंशी पायऱ्या. मान खाली, एका डोळ्यावर पट्टी, ठेच लागता कामा नये, दचकता कामा नये. आणि त्याहून वाईट म्हणजे मागून भोवऱ्याचा आवाज आला. "मी नाही येणार. गोगलगाय अजून तळाला पोचली नाही. मी नाही येणार, आई." तो रडायच्या बेतात होता, आणि त्याला रडायला बंदी होती.

मी ताईकडे पाहिलं. ती वहीत पाहत होती. वहीत फक्त दहा पायऱ्या शिल्लक होत्या. तिने ते पान टर्रकन फाडलं, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, जाळीला तोंड लावलं आणि म्हणाली, "भोवऱ्या! आज रेकॉर्डिंग नाही. आज समोरासमोर. एक गडबड झालीये, विहीर थोडी खोल निघाली. अजून ऐंशी पायऱ्या आहेत. गोगलगाय एकटी उतरणार नाही म्हणते. तू मोजशील?"

वरून भोवऱ्याने विचारलं, "किती?"

"ऐंशी."

मग मावशी जाळीजवळ आल्या. त्यांच्या हातात कागद नव्हता. मी त्यांना अकरा दिवस कागदाशिवाय एक शब्द बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि तो आवाज, ज्याच्यामुळे माझं निवेदन गेलं, तो खांबभर पसरला. "गोगलगायीने मान खाली घातली. तिच्यासमोर एक पायरी होती. बाकी काही नव्हतं. ती म्हणाली..."

"मी... आले... हं," टिंगू म्हणाला. तोंडात बिस्किट असूनही पाच आकडे मोजून.

"एक," वरून भोवऱ्याचा आवाज आला.

आणि तो उतरायला लागला. आई एक पायरी पुढे, त्याचे दोन्ही हात धरून उलटी उतरत. प्रत्येक पायरीला मावशी काहीतरी सांगायच्या. इथे ओल आहे, इथे एक जुना दगड आहे, इथे मुंग्यांची शाळा सुटली. टिंगूची गोगलगाय त्याच्या चालीने चालायची. तो थांबला की ती थांबायची. ताई बोटांवर मोजत होती आणि दर वीस पायऱ्यांनी, म्हणजे मजला आला की, माझ्याकडे बोट करायची. मग मी दार व्हायचो. आधी सर्दीचं दार. घशातून कुरकुर बरोबर आली. तिसऱ्या मजल्यावर भोवरा म्हणाला, "हे सर्दीवालं आहे ना?" आणि पुढे निघाला.

तो आमच्या बाजूने खाली गेला तेव्हा आम्हाला त्याचा फक्त भोवरा दिसला, डोक्यावरचा, केस वेडेवाकडे वाढलेले. चौदा दिवसांत कोणी कापले नव्हते. ताईने जाळीतून हात बाहेर काढला होता. पोचत नव्हता, तरी तिने तो तसाच धरून ठेवला. जिन्यातली दारं एकेक करून उघडली होती. सगळे उंबऱ्यात उभे, कोणी ब्र काढत नव्हतं. एका बाईंनी रडणाऱ्या तान्ह्याला आत नेलं आणि दार इतकं हळू लावलं की मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला. आमची ही दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभी होती. माझ्याकडे बघत होती, आणि हसत नव्हती.

पंचावन्नाव्या पायरीला भोवऱ्याचा पाय थोडा सरकला. आई किंचाळणार तोच मावशी म्हणाल्या, "लाइन सोडू नकोस, बाळा." तितक्याच शांतपणे, गोष्टीच्याच आवाजात. त्याने कठडा घट्ट धरला. "नाही सोडत," तो म्हणाला. "छप्पन्न."

एकोणऐंशी झालं. ऐंशी झालं. तळमजला. आता तो आम्हाला दिसत नव्हता. फक्त आवाज खालून वर येत होता. "पोचलो. दार उघडलं का?"

ताईने माझ्याकडे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी दिग्दर्शिका नव्हती. "बाबा," ती कुजबुजली, "हे रुसलंय. एकदम उघडू नका. पण उघडा."

काव्यवाचनाच्या स्पर्धेत माझ्यासमोर तीनशे लोक होते. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी खाली एकच जण होता आणि माझ्या तोंडाला कोरड पडली. हे खोटं आहे, हे मला कळत होतं. दार उघडणं माझ्या हातात आहे, डोळा नाही. पण पोरगं खाली मान घालून वाट बघत होतं. मी जाळी दोन्ही हातांनी धरली आणि सुरुवात केली. आधी एक कुरकुर, हट्टाची. मग थांबलो. मग दुसरी, जरा नरम. मग बिजागरीतला गंज. मग ती लांबलचक, पोटातून येणारी कर्रर्रर्र, जी आपोआप बारीक होत होत शेवटी मोकळी झाली. खांबातून ती खाली गेली आणि तळाला जाऊन फिरून वर आली.

ताईने जाळीला कान लावला.

"उघडलं," भोवरा म्हणाला. आणि त्याच्या आवाजात हसू होतं. हसणं नाही, हसू.

"काय आहे रे दारामागे?" ताईने वरून विचारलं.

"गाडी," तो म्हणाला. "चल आई. उशीर होईल."

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मावशी लिफ्टच्या फरशीवर टेकल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं. टिंगूने विचारलं, "आता पटापट बोललं तर चालेल?" आणि उत्तराची वाट न बघता अकरा दिवसांचं सगळं बोलून टाकलं. ताई माझ्या पोटाला डोकं टेकवून उभी राहिली. मी तिला निवेदनाबद्दल काहीही विचारलं नाही.

मेकॅनिक आला, त्याने वरून चाक फिरवून लिफ्ट दुसऱ्या मजल्याला आणली. बाहेर पडलो तेव्हा माझ्या हातात कळ तशीच होती. सेक्रेटरी जिन्यात उभे होते. मला वाटलं, आता खुलासा मागतील. ते म्हणाले, "रेकॉर्ड झालंय ना? माझं ते 'मेकॅनिकला बोलावलंय' कापू नका. विहिरीचा राखणदार वाटतो."

दुपारी सव्वाला फोन आला. भोवऱ्याची आई बोलू लागली आणि बोलूच शकली नाही. मग मागून एक परका आवाज, बहुधा नर्सचा: "पडदा जागेवर आहे. छान चिकटलाय. काळजी करू नका." आमच्या हिने फोन ठेवला आणि जो कोणी जवळ होता त्याला मिठी मारली. मी होतो.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. हळू, सावकाश, दर पायरीला एक. भोवरा आमच्या दारात उभा होता. पट्टीऐवजी डोळ्यावर जाळीदार टोपी होती, आणि मान सरळ होती. दोन आठवड्यांत आम्ही त्याचा चेहरा असा पाहिलाच नव्हता. त्याने ताईकडे पाहिलं, टिंगूकडे पाहिलं, समोरच्या दारातल्या मावशींना हात केला. मग माझ्याजवळ आला आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय रे, असा काय बघतोस?" मी विचारलं.

"काका, ते दार तुम्ही होतात?"

"हो."

"सगळी बारा?"

"सगळी."

"मला वाटलं, खरी दारं होती," तो म्हणाला. "म्हणून तर मी उतरलो."

मी कपाटाकडे गेलो आणि उगाचच चषक पुसत बसलो. पिना सगळ्या खाली सांडल्या.

सोमवारी ऑफिसात आमच्या इमारतीची फाइल मागवली. साहेबांना कळ दाखवली, सगळं सांगितलं. त्यांनी स्वतः येऊन तपासणी करायचं ठरवलं, आणि नवीन अहवालाचा मसुदा अर्थात माझ्याकडेच आला. कळांच्या रकान्यात मी बावीस वर्षांत पहिल्यांदा खरं लिहिलं: "हातात येते. बदलावी." मग दारांचा रकाना आला. मी इकडेतिकडे पाहिलं, शिपाई तेलाची बाटली घेऊन आसपास नाही याची खात्री केली, आणि लिहिलं: "दारे उत्तम. वेळेवर उघडतात."